एकाच गाडीला दोन हवामानं

गाडी सात वर्षांची, गडद निळ्या मेटॅलिक रंगाची सेडान. दोन वर्षांपूर्वी मालकांनी दुसऱ्या एका ठिकाणी तिला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं होतं. गाड्यांच्या रंगाची निगा राखणं हे माझं काम; माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मते ते कोटिंग पार गेलं होतं. पाणी पूर्वीसारखं थेंबाथेंबाने घरंगळत नव्हतं, उजव्या बाजूने पांढरट गोल डाग धरले होते आणि डावीकडच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला फोड आले होते. "सगळं घासून काढा आणि नवं चढवा. या वेळी जरा भारीतलं," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वर्षातला बराचसा काळ हवा ओलीच असते अशा ठिकाणी गाडी वापरणाऱ्या माणसाला रंगाची काळजी वाटणारच. पण त्यांनी सांगितलं तसं मी केलं असतं तर गाडी थोडे दिवस आरशासारखी चमकली असती आणि चमकणाऱ्या थराखाली दार कुजत राहिलं असतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, "काका, आज काहीच लावत नाही. आधी गाडी रात्री जिथे उभी असते ती जागा मला दाखवा."

जागा

कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी उभी होती. डावी बाजू भिंतीकडे, मधे जेमतेम हातभर फट. भिंत शेवाळलेली, वर झाडाची फांदी आलेली. ऊन पडायचं ते उजव्या बाजूवर, छतावर आणि बोनेटच्या उजव्या अर्ध्यावर. सात वर्षं गाडी रोज त्याच तोंडाने आत येत होती. पाऊस लागला की तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असलेलं, पाणी आत न येऊ देणारं कव्हर चढायचं, आणि पाऊस उघडला तरी 'पुन्हा येईलच' म्हणून ते तसंच राहायचं. धुणं बोअरच्या पाण्याने, बहुतेक वेळा सकाळी उन्हात.

मी दोन आर्द्रतामापक दोन दिवसांसाठी तिथे ठेवले. उघड्या बाजूचा मापक दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत उतरत होता. भिंत आणि गाडी यांच्या फटीतला मापक दिवसभरात ८५ च्या खाली आलाच नाही. पत्र्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर टिकून राहतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. वर खारट धूळ बसलेली असेल तर हे त्याहूनही कमी आर्द्रतेला सुरू होतं. उजव्या बाजूला रोज काही तास तरी सुटका होती. डाव्या बाजूला सात वर्षांत ती क्वचितच मिळाली असेल.

उजवी दारं रोज भिजून वाळत होती, डावी दारं वाळतच नव्हती. मग दोन्हींना एकच औषध कसं चालणार?

मोजमाप

गाडी धुण्याबद्दल लांबण लावत नाही. आधी दाबाचं पाणी, मग फोम, मग दोन बादल्या, तळाला जाळी. जाळी यासाठी, की हातमोज्यातून सुटलेली रेती खाली बसते आणि पुन्हा रंगावर येत नाही. रंगावर दिसणारं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं ओरखड्यांचं वर्तुळ बहुतेक वेळा धुताना आणि पुसतानाच पडतं.

खरं काम रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या गेजने झालं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्राइमर, बेस कोट (मूळ रंग) आणि क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) असं सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, भरतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. पॉलिश करायला आपल्याकडे असतो तो एवढाच, आणि साधा गेज त्याची जाडी वेगळी दाखवत नाही, एकूणच दाखवतो. या गाडीचं छत ११२ ते ११८ आलं, बोनेट १०८ ते ११५, उजवी दोन्ही दारं ११० च्या मागेपुढे, डावीकडचं पुढचं दार ११४. डावीकडचं मागचं दार वरच्या भागात २४० आणि मधोमध एका जागी ६८०.

"काका, हे दार कधी ठोकून रंगवलंय का?"

ते जरा थांबले. "चार वर्षं झाली. एका दुचाकीचा धक्का लागला होता. तुम्हाला कसं कळलं?"

६८० म्हणजे रंगाखाली पुटी. त्यात वाईट काही नाही. नीट केलेली पुटी वर्षानुवर्षं टिकते. पण पुन्हा रंगवलेलं दार आणि कारखान्यातून रंगून आलेलं दार ओल सारख्याच पद्धतीने सोसत नाहीत. कारखान्यात बॉडी गंजरोधक द्रवात बुडवतात आणि १५० अंशांच्या वर भाजून घेतात. दुरुस्तीचा रंग त्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला वाळतो आणि त्याखालची स्वच्छता पूर्णपणे रंगाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. दमट हवेत पहिली कुरबुर अशाच दारावर सुरू होते.

उजवी बाजू: पाणी फार लवकर गेलं

उजवीकडचे डाग बारकाईने पाहिले तर प्रत्येक डाग म्हणजे एक कडं होतं. कडेला गडद पांढरं, मधे जवळजवळ स्वच्छ. थेंब वाळताना त्याच्या कडेचं पाणी आधी उडतं, ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत आणलेलं सगळं तिथेच टाकतं. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कॉफीच्या डागाचं उदाहरण घेऊन हे नेमकं उलगडून दाखवलं होतं. गाडीच्या रंगावरही तेच घडतं, फक्त कॉफीच्या जागी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. काकांच्या बोअरच्या पाण्यात विद्राव्य घटक लिटरमागे ६४० मिलिग्रॅम निघाले. अशा पाण्याने उन्हात धुतलेली गाडी आपोआप वाळू दिली, तर प्रत्येक थेंब आपला चुना मागे ठेवून जातो.

इथे कोटिंगबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातींतली चित्रं नेमकी उलटी भूल पाडतात. पाण्याचे गोल, टपोरे थेंब उभे राहणं हे कोटिंग काम करत असल्याचं लक्षण आहे हे खरं. पण उभ्या गाडीच्या सपाट बोनेटवर तोच थेंब घरंगळून जात नाही, जागेवर बसून राहतो. कोटिंग नसलेल्या रंगावर पाणी पसरतं आणि त्यातले क्षारही पातळ पसरतात. कोटिंगवर ते शेकडो छोट्या ठिपक्यांत गोळा होतात. चालत्या गाडीला थेंब उपयोगी, कारण वाऱ्याने ते उडून जातात. बाहेर उभ्या राहणाऱ्या, दिवसातून एकदाच थोडी चालणाऱ्या गाडीला मी चादरीसारखं पाणी उतरवणारा थर जास्त पसंत करतो. दिसायला तो तितका मोहक नसतो, पण डाग कमी धरतो.

मग कोटिंग खरोखर गेलं होतं का? मी मागच्या उजव्या दारावर टेपने एक चौकोन आखला. साध्या शाम्पूने धुतल्यावर तिथे पाणी चपटं बसत होतं. तोच चौकोन आम्लधर्मी शाम्पूने धुतला, एक मिनिट थांबलो, भरपूर पाण्याने काढला आणि पुन्हा पाणी मारलं. चौकोनाच्या आत थेंब उभे, बाहेर पाणी चपटं. काकांनी स्वतः पाण्याची बाटली घेऊन तीन-चारदा मारून बघितलं. कोटिंग जिवंत होतं, फक्त चुन्याच्या पापुद्र्याखाली गाडलं गेलं होतं. ज्याने कोणी ते लावलं होतं, त्याने काम नीट केलं होतं.

त्यामुळे उजव्या दारांवर मशीन लावायची गरजच उरली नाही. सावलीत, थंड पत्र्यावर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी असं मिश्रण कापडाने टेकवून ठेवलं, मिनिटभराने धुतलं, दोनदा केलं. नंतर आयर्न रिमूव्हर मारला. ब्रेकची लोखंडी भुकटी जिथे रंगात रुतलेली असते तिथे तो जांभळा ओघळ सोडतो. चाकांच्या मागच्या भागात आणि डिकीवर तो भरपूर वाहिला. क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फक्त तिथेच फिरवला जिथे बोट फिरवल्यावर खरखर लागत होती. तोही भरपूर निसरड्या द्रवावर, कारण क्ले कोटिंगलाही ओरखडतो.

बोनेट आणि छत यांची गोष्ट वेगळी. तिथले काही डाग आम्लाने गेले नाहीत. क्षार निघून गेला तरी त्याच्या जागी रंगात उतरलेली खूण राहिली होती, नखाला न लागणारी पण तिरप्या दिव्यात दिसणारी. उजवीकडे पक्ष्यांच्या विष्ठेच्या दोन खुणा त्याहून खोल होत्या. तिथे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, मऊ पॅड, बारीक पॉलिश. दोन हात मारले आणि थांबलो. बहुतेक डाग गेले, विष्ठेच्या खुणा पुसट झाल्या पण राहिल्या. अजून दोन हात मारले असते तर त्याही गेल्या असत्या. मी मारले नाहीत. क्लिअर कोट परत येत नाही, आणि ही गाडी अजून कितीतरी वर्षं बाहेरच उभी राहणार आहे. एकदोन मायक्रॉनचा फरक गेज भरवशाने दाखवत नाही, म्हणून मी आकड्यावर विसंबत नाही, मारलेले हात मोजतो आणि लिहून ठेवतो.

डावी बाजू: पाणी गेलंच नाही

डावीकडे क्षाराचे डाग जवळजवळ नव्हते. पाणी वाळलंच नाही तर डाग कुठून पडणार? तिथे हिरवट पातळ थर होता, काचेच्या खालच्या रबर बीडिंगमध्ये शेवाळ होतं, आणि वायपरखालच्या जाळीत कुजलेल्या पानांचा लगदा. शेवाळ दिसायला निरुपद्रवी वाटतं, पण ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. पाऊस थांबून दिवस उलटला तरी बीडिंगची फट ओलीच असते. पातळ केलेल्या क्लीनरने आणि मऊ ब्रशने ते काढलं. इथे कपड्यांचं ब्लीच वापरायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो कधीच देणार नाही. ब्लीच रबर खातं, आणि फटीत उरलेलं क्लोराइड पत्र्याला गंजायला मदत करतं.

डाव्या चाकांच्या अ‍ॅलॉय रिमवर लॅकरखाली पांढरट, वळणावळणाच्या रेघा सरकत गेल्या होत्या, जणू लाकडातल्या किड्याची वाट. दमट हवेत थराखाली सरकणारा हा गंज लॅकरच्या एखाद्या टवक्यापासून सुरू होतो आणि वरून काहीही लावून थांबत नाही. रिम उतरवून, लॅकर काढूनच तो जातो. काकांनी ते काम पुढे ढकललं, आणि त्यांचा निर्णय मला पटला, कारण दाराची निकड त्याहून मोठी होती.

मागच्या दारावर एकाच वेळी तीन वेगळी दुखणी होती आणि ती वेगळी ओळखणं हेच या प्रकरणातलं सगळ्यात कठीण काम होतं.

पहिलं, दाराच्या वरच्या भागात दुधाळ पट्टे. त्यांचा आकार विचित्र होता, कव्हरच्या घड्यांसारखा. ओलं कव्हर दिवसेंदिवस रंगाला चिकटून राहिलं की क्लिअर कोटमध्ये पाणी शिरतं आणि तो धुरकट दिसायला लागतो; कमी तापमानाला वाळलेल्या दुरुस्तीच्या रंगावर हे जास्त होतं. पॉलिश करून ते जात नाही, कारण ते पृष्ठभागावर नसतंच. मी गाडी आत घेतली, आर्द्रता कमी करणारं यंत्र चालू ठेवलं आणि इन्फ्रारेड दिव्याने दार हळूहळू तापवलं. लेझर थर्मामीटर हातात धरून पत्रा ५५ अंशांपुढे जाऊ दिला नाही. दोन दिवसांत पट्टे जवळजवळ दिसेनासे झाले. ज्यांच्या गाडीवर कव्हर काढल्यावर असे पट्टे दिसतात त्यांनी घाबरून लगेच रबिंगला देऊ नये. आधी गाडी पूर्ण वाळू द्यावी.

दुसरं, दाराच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढे फोड. त्यातला एक सुईने उघडला. आत स्वच्छ पाण्याचा थेंब, खाली राखाडी प्राइमर, तांबूस रंगाचा मागमूस नाही. हा गंज नव्हे. रंगाखाली क्षाराचा अंश राहून गेला असेल तर तो बाहेरची ओल रंगातून आत ओढून घेतो आणि तिथे पाणी साठतं. पुटी आणि प्राइमर पाण्याच्या कागदाने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने, घासतात. ते पाणी क्षाराचं असेल आणि नंतर नीट पुसलं नसेल, तर चार वर्षांनी असे फोड दिसू शकतात. कोरड्या हवेत तो क्षार तसाच झोपून राहिला असता.

तिसरं, खालच्या कडेचे फोड. ते मोठे, ओळीत, आणि नखाने दाबल्यावर कुरकुरणारे. इथे तपकिरी चूर्ण निघालं. दाराचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, आणि गंज त्या दुमडीतून, आतून बाहेर आला होता.

आतून पाणी का? मी दाराच्या खालच्या कडेला हात फिरवला आणि उत्तर बोटाला लागलं. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दारात जाणं नेहमीचंच आहे. ते बाहेर पडावं म्हणून प्रत्येक दाराच्या तळाला दोन-तीन लहान खाचा असतात. पुढच्या दाराच्या खाचा चिखलाने अर्धवट बुजलेल्या होत्या, मागच्या दाराच्या मात्र दुरुस्तीच्या वेळी सीलंट आणि रंगाने पूर्ण बंद झाल्या होत्या. रंगाऱ्याने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. कड गुळगुळीत दिसावी म्हणून ती नीट भरून काढली होती. चार वर्षं त्या दारात प्रत्येक पावसाचं पाणी उभं राहत होतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने पहिली खाच मोकळी केली तेव्हा गढूळ, तांबूस पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. काका शेजारीच उभे होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मी हे काम बरीच वर्षं करतोय, तरी अशा क्षणी मन हळहळतं. या माणसाने कव्हर घातलं, कोटिंग केलं, दर आठवड्याला गाडी धुतली. काळजीत कुठेही कसूर नव्हती. फक्त पाणी आत कुठे थांबतंय हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

खाचा मोकळ्या करताना लोखंडी तार वापरू नये, आतला रंग खरवडला जातो. प्लॅस्टिकची केबल बांधायची पट्टी पुरते.

दार माझ्या हातातलं काम नव्हतं. ते रंगाऱ्याकडे गेलं. बाहेरची बाजू पत्र्यापर्यंत सोलली, दुमडीतला गंज जेवढा पोचेल तेवढा काढला, उरलेल्यावर फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रव), मग इपॉक्सी प्राइमर. कागद पाण्याचाच वापरला, पण क्षारविरहित पाण्याचा, आणि प्रत्येक थराआधी पुसून, वाळवून. खाचांमध्ये त्याने काड्या खोचून रंग मारला आणि वाळल्यावर काढल्या. ही युक्ती त्याचीच. मला ती फार आवडली. दार आतून कोरडं झाल्यावर लांब नळीने सगळ्याच दारांत आतल्या पोकळीचं पातळ, रांगत जाणारं मेण मारलं. मेणाने खाचा पुन्हा बुजतात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या परत उघडून पाहिल्या.

माझ्या हातून झालेली चूक

बोनेट आणि छत पॉलिश झाल्यामुळे तिथलं जुनं कोटिंग गेलं होतं आणि नवं लावायचं होतं. मी ते संध्याकाळी लावायला घेतलं. शेडमध्ये तापमान २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. यंत्र दाराच्या खोलीत चालू होतं, इथे नव्हतं. बोनेटचा पत्रा २७ अंश. मी हे आकडे पाहिले आणि तरी पुढे गेलो.

२८ अंश आणि ८५ टक्के म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, २५ अंशांच्या थोडा वर. पत्रा त्याच्यापेक्षा दोन अंशांनीसुद्धा गरम नव्हता. रंगकामात पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावा असा जुना, पक्का नियम आहे, आणि तो कोटिंगलाही लागू पडतो. शिवाय ही कोटिंगं हवेतल्या ओलीशी संयोग होऊनच घट्ट होतात, म्हणून दमट हवेत ती अपेक्षेपेक्षा लवकर धरतात. बोनेटच्या दुसऱ्या अर्ध्यावर पोचेपर्यंत पहिल्या अर्ध्यावरचा थर पुसण्याची वेळ उलटून गेली होती आणि जागोजागी इंद्रधनुषी गडद चट्टे राहिले. तेवढे मी लगेच त्याच द्रवाने ओले करून सोडवले. पण रात्री शेडचं शटर हवा खेळावी म्हणून अर्धं उघडं ठेवलं, पत्रा थंड झाला आणि पहाटे बोनेटवर दव धरलं. सकाळी त्या दवाचे ठसे कच्च्या थरात कायमचे उमटलेले होते.

काकांना मी ते दाखवलं आणि सांगितलं की ही माझी घाई. बोनेट पुन्हा पॉलिश करावं लागलं, म्हणजे ज्या क्लिअर कोटबद्दल मी इतका जपत होतो त्यातला अजून एक हात माझ्या चुकीने गेला.

दुसऱ्यांदा शटर बंद, यंत्र आदल्या रात्रीपासून चालू. २६ अंश, ६० टक्के, दवबिंदू साधारण १७.६. पत्रा २६. आरसे, लोगो आणि हँडलच्या फटींतून पाणी ठिबकतं म्हणून धुतल्यानंतर ब्लोअर मारून गाडी पूर्ण एक रात्र तशीच ठेवली होती. एका वेळी दोन हात लांबीचाच भाग घेतला, अल्कोहोलने पुसून पॉलिशचं तेल काढलं, कोटिंग लावलं, दिव्यात बघून पुसलं, मगच पुढचा भाग. त्यानंतर चोवीस तास ना शटर उघडलं, ना यंत्र बंद केलं. तेव्हापासून मी आर्द्रतामापक आणि दवबिंदूचा तक्ता शेडच्या दाराला टांगून ठेवलाय, आणि ३ अंशांचं अंतर नसेल तर बाटली उघडत नाही.

काय लावलं, काय लावलं नाही

बोनेट आणि छत: नवं कोटिंग. उजवी दारं: जुनंच, धुऊन उघडं केलेलं. डावीकडचं पुढचं दार: साधं पॉलिमर सीलंट (रंगावर हाताने लावायचा पातळ संरक्षक थर), दर दोन-तीन महिन्यांनी काकांनी स्वतः लावण्यासारखं. मागच्या दारावर काहीच नाही. ताज्या दुरुस्तीच्या रंगातले द्रावक बाहेर पडायला निदान महिनाभर हवा, आणि दमट हवेत मी दोन महिने थांबतो. काकांनी त्या दारावर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म, लावण्याबद्दलही विचारलं. फिल्म पॉलियुरेथेनची, जाड आणि दगडाच्या माऱ्यापासून खरोखर वाचवणारी, यात शंका नाही. पण दुरुस्तीच्या रंगावरून ती काढताना रंगही सोबत येण्याचा धोका असतो, आणि या दाराला दगड कधी लागलाच नव्हता. मी नको म्हटलं.

सगळ्यात जास्त फरक मात्र बिनखर्चाच्या बदलाने पडला. गाडी एक आठवडा तोंड आत करून आणि पुढचा आठवडा मागे घेत लावायची, म्हणजे भिंतीची आणि उन्हाची बाजू आलटून पालटून येते. भिंतीपासून अंतर हातभराऐवजी दोन हात. कव्हर बंद. धुणं संध्याकाळी, शेवटचं पाणी साठवलेल्या पावसाचं. त्यात विद्राव्य घटक लिटरमागे ३० मिलिग्रॅम निघाले. धुतल्यावर ब्लोअर, मग एकदाच, न दाबता, जाड मायक्रोफायबर. आणि महिन्यातून एकदा चारही दारांच्या खाचा व वायपरखालची जाळी.

काकांना ही यादी कोटिंगपेक्षा साधी वाटली आणि म्हणून थोडी निराशाही झाली, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी त्यांना दोन्ही आर्द्रतामापकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. मग पटलं.

आठ महिन्यांनंतर

एक पूर्ण ओला हंगाम गेल्यावर गाडी पुन्हा पाहिली. उजवीकडे मोजके डाग, साध्या आम्लधर्मी शाम्पूने जाणारे. बोनेटवर पाणी नीट उतरत होतं. डावीकडचं बीडिंग काळं, स्वच्छ. शेवाळ फक्त मागच्या काचेच्या एका कोपऱ्यात. दुधाळ पट्टे परत आले नव्हते, मधल्या भागात फोड नव्हते.

मागच्या दाराच्या खालच्या दुमडीत, मागच्या टोकाला, सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा एक फुगवटा आला होता. दुमडीच्या आतला गंज शंभर टक्के कधीच निघत नाही, हे दार रंगायच्या आधीच मी काकांना सांगितलं होतं आणि ते त्यांच्या लक्षात होतं. खाचा मोकळ्या होत्या. पट्टी घातली तर कोरडी बाहेर आली. फुगवट्याच्या दोन्ही टोकांना मी मार्करने बारीक रेघ ओढली, तारीख लिहिली, आतून पुन्हा मेण मारलं. तीन महिन्यांनी फुगवटा त्या रेघांच्या पुढे सरकलेला असेल तर दाराचा खालचा पत्रा कापून नवा जोडायचा, नसेल तर तसंच ठेवायचं, असं आमचं ठरलंय.